थंडी नसलेल्या बंदरातली शाकारणी

मे महिना सरत आला की कोकणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढायची घाई उडते. जाळी सुकवून माळ्यावर जातात, इंजिनं उतरतात आणि होडीवर झावळ्यांचं, हल्ली बहुधा निळ्या ताडपत्रीचं, छप्पर चढतं. याला होडी शाकारणं म्हणतात; घर शाकारतात तशीच होडीही. १ जून ते ३१ जुलै ही सरकारी मासेमारीबंदी अलीकडची, रिवाज फार जुना. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त आरमाराचे नियम घालून दिले. दर्या खवळण्याआधीच गलबतं सुरक्षित बंदरात छावणीला न्यावीत, ही ताकीद त्यांत आहे.

उत्तर युरोपात हाच सोहळा ऑक्टोबरात होतो. तिथला शत्रू बर्फ. पाणी गोठताना फुगतं आणि इंजिनातल्या नळ्या, पंप फोडून टाकतं. म्हणून बोटी क्रेननं उचलून वसंतापर्यंत शेडमध्ये ठेवतात.

मग विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर असलेल्या पुंगोलमध्ये बोटीचा मोसम संपतो तरी केव्हा?

पुंगोल हे सिंगापूरचं ईशान्य टोक. समोर जोहोरची सामुद्रधुनी, पलीकडे मलेशियातल्या पासिर गुडांगच्या कारखान्यांच्या चिमण्या, उजव्या हाताला पुलाऊ उबिन आणि कोनी बेट. पूर्वी इथे वराहपालन आणि कोंबड्यांची शेतं होती, तसंच पुंगोल पॉइंटला समुद्री खाण्याच्या हॉटेलांची रांग. साठ-सत्तरच्या दशकात त्यांच्या शेजारी ‘बोटेल’ नावाचा धंदा रुजला. नावातच सगळं आलं: बोटींचं हॉटेल. हौशी माणसानं रविवारी यावं, भाडं भरून ठेवलेली आपली बोट पाण्यात सोडावी, वॉटर-स्कीइंग करावं आणि संध्याकाळी बोट परत छपराखाली द्यावी. पुढे १९९६ मध्ये ‘पुंगोल २१’ आराखडा जाहीर झाला आणि शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. बोटी ठेवायची सोय मात्र मरिनाच्या रूपानं टिकून आहे.

कोनी बेटाच्या नावामागेही एक हिंदी माणूस आहे. ‘टायगर बाम’वाल्या ऑ बंधूंनी तिथे बंगला बांधला होता. १९५०मध्ये गुलाम महमूद या भारतीय व्यापाऱ्यानं ते बेट घेतलं आणि न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडसारखी करमणूकनगरी उभारायचं ठरवलं. बेत तडीस गेला नाही, नाव उरलं. २०१५ मध्ये तिथे सार्वजनिक उद्यान झालं.

थंडी नाही म्हणून इथे ऋतू नाहीत असं मात्र नाही. ‘मान्सून’ ज्या अरबी शब्दावरून आला, त्याच शब्दाची रूपं म्हणजे मराठीतला ‘मोसम’ आणि मलयमधला ‘मुसिम’. डिसेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत ईशान्येचा वारा, जून ते सप्टेंबर नैऋत्येचा आणि मधले महिने निर्नायकी. ईशान्येचा वारा जोहोरच्या जमिनीवरून येतो. चिंचोळ्या सामुद्रधुनीत त्याला लाट उठवायला जागाच मिळत नाही, त्यामुळे शीड भरतं पण पाणी सपाट राहतं. शीडबोट शिकणाऱ्या पोरांना याहून बरं काय हवं! भरती-ओहोटीची ओढ मात्र पूर्वेकडूनच येते आणि तिकडेच परतते. १९२४ मध्ये खुल्या झालेल्या जोहोर कॉजवेच्या बांधानं सामुद्रधुनी मधोमध अडवली, तेव्हापासूनचं हे. त्यात वाटेत मत्स्यशेतीचे तराफे. वारा पडला आणि ओढ जोरात असली की छोटी बोट गुमान त्यांच्या दिशेनं सरकू लागते.

खरी भीती ‘सुमात्रा’ची. सुमात्रा बेटाकडून येणाऱ्या वादळी ढगांच्या रांगेचं हे नाव. ती बहुतेकदा पहाटे ते दुपारच्या दरम्यान येऊन थडकते आणि थोडक्या वेळात वारा ताशी ४०-८० किलोमीटरपर्यंत चढतो. दिवाळीच्या सुमाराला वेगळाच त्रास असतो. वारा कोणत्याही दिशेचा नसतो आणि दुपार कलली की विजा सुरू होतात. उघड्या पाण्यावर ॲल्युमिनियमची डोलकाठी हीच सगळ्यांत उंच वस्तू. गडगडाट ऐकू आला की परतायचं, त्यात घासाघीस नाही.

तेव्हा इथली शाकारणी ऑक्टोबर-नोव्हेंबरातच सोयीची. बर्फ नसला तरी शत्रू तीन आहेत: ऊन, दमट हवा आणि तळाला चिकटणारे जीव. कोमट पाण्यात बोट काही आठवडे नुसती उभी राहिली तरी तळाला आधी चिकट थर धरतो, मग त्यावर बार्नॅकलचं खरबरीत पुट चढतं. बोट जड होते, सुकाणू ऐकेनासं होतं. मोठ्या बोटी वर काढून तळ खरवडतात आणि जीव धरू न देणारा रंग पुन्हा देतात.

लहान बोटीचं काम दोन माणसांत उरकतं. ‘ऑप्टिमिस्ट’ ही मुलांची बोट जेमतेम २.३ मीटर लांब, ३५ किलो वजनाची. १९४७ मध्ये फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी ती आखली. पाण्याबाहेर आली की आधी गोड्या पाण्याचा फवारा मारायचा: कप्प्यांवर, बिजागऱ्यांवर, दोरांच्या गाठींवर. मिठाचा कण राहिला की तो हवेतली ओल ओढत बसतो. मग मागचं बूच काढायचं आणि बोट तिरकी करून आतलं पाणी निथळू द्यायचं. शीड सावलीत वाळवायचं, कारण उन्हानं कापडाचा दोरा कुजतो आणि ओलं गुंडाळलं तर चार दिवसांत काळी बुरशी पडते. वाळलं की घडी न घालता गुंडाळी करायची. शेवटी आच्छादन, पण ते घट्ट नको, खालून वारा खेळायला हवा. झावळ्यांच्या छपराला ही अक्कल आपोआप असते, प्लास्टिकला ती शिकवावी लागते.

दीपावलीची सिंगापुरात सार्वजनिक सुटी असते. त्या सकाळी कोकणातल्या होड्या नारळी पौर्णिमेपासून पाण्यात राहून राहून मुरलेल्या असतात. इकडे दुपारी जोहोरवर ढग काळवंडतात, पहिला गडगडाट ऐकू येतो आणि फळीवर पालथ्या घातलेल्या चिमुकल्या बोटींवरून पावसाचे थेंब ओघळू लागतात. बुचं दोरीला बांधून बाजूला लटकत असतात.