टॉवर, टॉरंट आणि बीबीसी

फायनल मॅचच्या रात्री होस्टेलवर हा अनुभव सगळ्यांनाच येतो. आपण रूमवर मोबाइलवर मॅच बघतोय, बॉलर अजून रन-अपच घेतोय, आणि तेवढ्यात खालच्या टीव्ही रूममधून "आऊट!" अशी आरोळी. झालं, मजाच गेली! टीव्ही पुढे आणि मोबाइल मागे का, हे शोधता शोधता मी थेट लंडनच्या बीबीसीपर्यंत जाऊन पोचलो.

आधी टॉवरचा हिशोब बघू. ट्रान्समीटर एकदा चालू केला की त्याच्या टप्प्यात एक घर बघतंय की दहा लाख, त्याला काहीच फरक पडत नाही. विजेचं बिल तेच. इंटरनेटवर मात्र प्रत्येकाला वेगळी कॉपी पाठवावी लागते. म्हणजे मेसमध्ये एक मोठं पातेलं मांडायच्या ऐवजी प्रत्येकाचं ताट रूमवर नेऊन द्यायचं! जाहिरातीवर चालणाऱ्या कंपनीला हे परवडतं, कारण प्रेक्षक वाढले की कमाईही वाढते. बीबीसीचा ब्रिटनमधला खर्च मुख्यतः घरटी लायसन्स फीवर चालतो. प्रेक्षक ऑनलाइन आले म्हणून फी वाढत नाही, बिल मात्र वाढतं.

म्हणून बीबीसीने आधी जी युक्ती केली ती आपल्या ओळखीची आहे. २००५ साली सुमारे ५,००० लोकांवर चाचणी झाली आणि जुलै २००७ मध्ये 'आयप्लेयर' बीटा स्वरूपात बाहेर आला. होऊन गेलेला कार्यक्रम सात दिवसांच्या आत डाउनलोड करायचा. आतली व्यवस्था पीअर-टू-पीअर, म्हणजे टॉरंटचीच चुलत बहीण. तुम्ही उतरवलेले तुकडे तुमच्याच कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला जाणार. बीबीसीचा भार हलका झाला, पण भार कुठे नाहीसा होत नाही, तो फक्त सरकतो. इथे तो प्रेक्षकाच्या कनेक्शनवर गेला. प्रोग्रॅम बंद केला तरी मागे अपलोड चालूच, आणि ज्यांना महिन्याची मर्यादा होती त्यांचा कोटा भलत्याच कामाला संपायचा.

शिवाय हे सगळं फक्त विंडोज एक्सपीवर! मॅक आणि लिनक्सवाले भडकले. फी सगळ्यांची आणि सोय काहींचीच, हा काय न्याय? पंतप्रधानांच्या वेबसाइटवरच्या अर्जावर १६,००० हून जास्त सह्या पडल्या. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात खरा प्रश्न हाच होता. खाजगी कंपनी आपलं गिऱ्हाईक निवडू शकते. ज्याने सगळ्यांकडून पैसे घेतलेत त्याला ते करता येत नाही.

मग ब्राउझरमध्येच चालणारं स्ट्रीमिंग आलं आणि २५ डिसेंबर २००७ ला, ऐन ख्रिसमसला, आयप्लेयर रीतसर सुरू झाला. क्लिक केलं की चालू! लोकांनी डाउनलोडकडे पाठच फिरवली. २००८ च्या अखेरीस बीबीसीने पीअर-टू-पीअर गुंडाळून टाकलं. आता नेट पुरवणाऱ्या कंपन्या ओरडायला लागल्या, की आमच्या तारा भरून जातात, बीबीसीने पैसे द्यावेत. भार पुन्हा सरकला होता, दुसरं काय!

आजची पद्धत तुम्हाला माहीतच असेल. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकडा हलक्या-भारी अशा अनेक प्रतींत तयार ठेवतात, आणि नेट जसं असेल तशी प्रत तुमचा प्लेयर मागवतो. या प्रती तुमच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतात. नेट अडखळलं तरी चित्र थांबू नये म्हणून प्लेयर दोन-चार तुकडे साठवून मगच दाखवायला लागतो. आपली विकेट उशिरा पडते ती बरीचशी या साठ्यापायी.

आता आकडा बघा. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सायकलपटू ब्रॅडली विगिन्सने सुवर्णपदक जिंकलं, त्या क्षणी बीबीसी सेकंदाला ७०० गिगाबिट पाठवत होती. एका प्रेक्षकाला २ मेगाबिट धरले तर हे झाले फक्त साडेतीन लाख प्रेक्षक. लंडनचा क्रिस्टल पॅलेसचा एकटा टॉवर याच्या कितीतरी पट घरांना चित्र पुरवतो, तेही न अडखळता.

म्हणूनच टॉवर पाडून सगळं नेटवर न्या, असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. ज्या आजीबाईंकडे ब्रॉडबँड नाही त्यांनी काय करायचं? ब्रिटिश सरकारने अँटेनावरचं प्रसारण निदान २०३४ पर्यंत चालू ठेवायचं ठरवलंय. दुसरीकडे बीबीसीचे इंजिनिअर मल्टिकास्टवर काम करतात. त्यात नेटवर्कमधून एकच कॉपी जाते आणि रस्ता जिथे फुटतो तिथे राउटर तिच्या प्रती काढतो. थोडक्यात, नेटलाच टॉवरसारखं वागायला शिकवायचं.

आपल्याकडेही हाच पेच आहे. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फीत 'वेव्ह्ज' हा ओटीटी सुरू केला. आकाशवाणीची केंद्रं तर ॲपवर आधीपासूनच ऐकता येत होती, म्हणून परदेशातल्या मराठी माणसालाही अस्मिता वाहिनी लावता येते. पण त्याच प्रसार भारतीने आयआयटी कानपूरला बरोबर घेऊन डायरेक्ट-टू-मोबाइलच्या चाचण्याही केल्यात. टॉवरवरून कार्यक्रम थेट फोनमध्ये, डेटा पॅक न वापरता! अडचण एवढीच, की त्यासाठी फोनमध्ये वेगळी रिसीव्हर चिप लागते आणि आपल्या नेहमीच्या फोनमध्ये ती नसते. ती बसवायचा खर्च कोणी करायचा यावर फोन कंपन्या कुरकुरतायत. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, फायनल इयरचा प्रोजेक्ट अजून ठरला नसेल तर या चिपकडे जरा बघा.