चार-सात की सात-चार?

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी आपण डेटाबेसच्या डिझाइनवर रात्री जागवतो, स्क्रीनला कुठला रंग द्यायचा यावरून भांडतो, पण तारखेच्या रकान्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. तारीख काय, टाइप करायची आणि सेव्ह करायची! लायब्ररीचा प्रोजेक्ट असो, हॉस्टेलचा असो की मेसच्या हिशेबाचा. जन्मतारीख, पुस्तक नेल्याची तारीख, फी भरल्याची तारीख हे रकाने असतातच. आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गप्प बसणाऱ्या चुका याच रकान्यांत होतात. ‘गप्प बसणाऱ्या’ असं मुद्दाम म्हणतोय, का ते पुढे येईलच.

आधी दोन शब्द समजून घेऊ. कॉम्प्युटरच्या पोटात वेळ म्हणजे बहुतेक वेळा नुसता एक आकडा असतो. युनिक्समध्ये तो १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून मोजलेल्या सेकंदांचा असतो, आणि ही मध्यरात्र आपली नव्हे, यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. (एखाद्या वेबसाइटवर ‘१ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०’ असं काही दिसलं तर समजा की आत शून्य आहे, म्हणजे बहुधा तारीख कोणी भरलेलीच नाही!) या आकड्यापासून माणसाला वाचता येईल अशी तारीख तयार करणं म्हणजे फॉरमॅटिंग. माणसाने लिहिलेल्या अक्षरांपासून पुन्हा तारीख काढणं म्हणजे पार्सिंग. दिसायला एकाच रस्त्याची ही दोन टोकं आहेत, पण जाताना रस्त्यात सामान गळतं. फॉरमॅटिंग करताना आपण शतक गाळतो, टाइम झोन गाळतो, सकाळ की संध्याकाळ तेही गाळतो. पार्सिंग करणाऱ्याला ते परत हवं असतं. ते स्ट्रिंगमध्ये नसेल तर तो अंदाज करतो, आणि तुम्हाला सांगत नाही.

सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे ०४/०७/२०२४. आपल्यासाठी ही ४ जुलै, अमेरिकेत ७ एप्रिल. हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यातलं गणित फारसं कोणी करून बघत नाही. ते करू या. दिवस १ ते १२ आणि महिने १२, म्हणजे वर्षातल्या १४४ तारखा उलट्या वाचल्या तरी वैध ठरतात. त्यातल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा १२ तारखा दोन्हीकडून सारख्याच. उरल्या १३२. वर्षातल्या १३२ तारखा अशा आहेत की उलट्या वाचल्या तर प्रोग्रॅम काही तक्रार न करता दुसरीच तारीख साठवतो. बाकीच्या २२१ तारखांना मात्र तो अडतो, कारण तेरावा महिनाच नसतो. या २२१ तारखा आपल्या मैत्रिणी समजा. त्या ओरडतात म्हणून चूक कळते.

एक्सेलमध्ये हे डोळ्यांनी बघता येतं. विंडोजची सेटिंग अमेरिकन असेल आणि आपल्या पद्धतीने लिहिलेल्या तारखांची सीएसव्ही फाईल उघडली, तर एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे सरकलेल्या दिसतात, काही डावीकडे. डावीकडच्या म्हणजे एक्सेलला न समजलेल्या, ज्या त्याने नुसता मजकूर म्हणून ठेवल्या. उजवीकडच्या त्याने तारखा म्हणून वाचल्या, आणि त्या बहुतेक चुकीच्या! माणूस काय करतो? डावीकडच्या हाताने दुरुस्त करतो आणि चहाला जातो.

आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीची जन्मतारीख ५ नोव्हेंबर. एका परीक्षेच्या हॉलतिकिटावर ती ११ मे छापून आली. दहावीच्या सर्टिफिकेटशी जुळेना, म्हणून कागदपत्रांच्या तपासणीला तिला बाजूला काढलं. मग स्टॅम्प पेपर, नोटरी, प्रतिज्ञापत्र, दोन दिवस हेलपाटे. खिडकीतले साहेब वर म्हणाले, “तुम्हीच चुकीची भरली असणार.” आत नेमकं काय झालं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. पण ५/११ आणि ११/५ हे आकडे बघून तुमच्या मनात जे आलं तेच आमच्याही आलं. तिच्याच रांगेत २० तारखेला जन्मलेला एक मुलगा होता, त्याचं सगळं बरोबर होतं.

आता कोड लिहिताना काय होतं ते बघू. पार्सरला आपण साचा देतो: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. जावामध्ये हा साचा अक्षरांनी लिहितात आणि इथे कॅपिटल-स्मॉलचा खेळ आहे. कॅपिटल एम म्हणजे महिना, स्मॉल एम म्हणजे मिनिट. महिन्याच्या जागी चुकून स्मॉल एम लिहिला तर जुना सिंपलडेटफॉरमॅट ४ जुलैचा ७ हा मिनिट समजतो, महिना मिळालाच नाही म्हणून जानेवारी धरतो, आणि तारीख होते ४ जानेवारी, रात्री बारा वाजून सात मिनिटं. सगळ्या कॉलेजचा जन्म जानेवारीत! पायथनमध्ये (आणि सी मध्येही) नेमकं उलटं आहे: स्मॉल एम महिना, कॅपिटल एम मिनिट. जावावरून पायथनला जाणाऱ्यांनी हे वहीत लिहून ठेवा.

स्मॉल डी म्हणजे महिन्यातला दिवस, कॅपिटल डी म्हणजे वर्षातला दिवस. ही चूक तर फारच कपटी. ३१ जानेवारीपर्यंत दोन्ही आकडे एकच येतात, म्हणून जानेवारीतला डेमो झकास होतो. १ फेब्रुवारीला स्क्रीनवर ३२/०२ उमटतं.

आणि वाय. स्मॉल वाय म्हणजे आपलं नेहमीचं वर्ष. कॅपिटल वाय म्हणजे आठवड्याच्या हिशेबातलं वर्ष. आयएसओच्या नियमाप्रमाणे आठवडा सोमवारी सुरू होतो आणि त्यातले जास्त दिवस ज्या वर्षात पडतात त्या वर्षाचा तो धरतात. २९ डिसेंबर २०१४ ला सोमवार होता. त्या आठवड्यातले चार दिवस जानेवारी २०१५ मधले, म्हणून तो आठवडा २०१५ चा पहिला. त्या दिवशी ट्विटरचे (आताच्या एक्सचे) सर्व्हर तारीख सांगू लागले २९ डिसेंबर २०१५, आणि अनेकांच्या मोबाइलवरचं ट्विटर आपोआप लॉगआउट झालं. यूटीसीची तारीख बदलली ती आपल्या पहाटे साडेपाचला. एका अक्षराची ही करामत. वर्षातले साधारण ३६० दिवस हा कोड बरोबर चालतो, म्हणून टेस्टिंगमध्ये सापडत नाही.

सिंपलडेटफॉरमॅटचा आणखी एक गुण म्हणजे त्याचं औदार्य. दिवस-महिना-वर्ष असा साचा देऊन त्याला अमेरिकन ०७/२५/२०२४ वाचायला दिलं तर तो अडत नाही. पंचविसावा महिना? हरकत नाही! २०२४ च्या जानेवारीपासून पंचवीस महिने मोजतो आणि ७ जानेवारी २०२६ हातात ठेवतो. ३१ फेब्रुवारी दिली तर मार्च देतो. हे बंद करायला ‘लेनियंट’ हा गुणधर्म फॉल्स करावा लागतो, आणि तो डिफॉल्टने ट्रू असतो. मला हा निर्णय कधीच पटला नाही. ज्या प्रोग्रॅमला तारीख समजली नाही त्याने तसं म्हणावं, एवढी साधी अपेक्षा आहे. २०१४ मध्ये जावा ८ बरोबर तारखांची नवी लायब्ररी आली. ती पंचविसावा महिना सरळ नाकारते. तरीही जुन्या पुस्तकांतून आणि सीनिअर्सच्या प्रोजेक्टमधून जुनाच कोड कॉपी होतो.

दोन आकडी वर्षांबद्दल थोडक्यात. पायथनमध्ये ६९ ते ९९ म्हणजे १९००ची, ०० ते ६८ म्हणजे २०००ची. जावाचा जुना पार्सर चालू वर्षाच्या ८० वर्षं मागे आणि २० वर्षं पुढे अशी खिडकी धरतो. म्हणजे ‘६०’ हे पायथनला २०६० आणि जावाला १९६०. शिवाय जावाची खिडकी दरवर्षी पुढे सरकते, म्हणून तीच फाईल आणि तोच प्रोग्रॅम काही वर्षांनी वेगळं उत्तर देतील. ‘३२’ लिहिलेल्या आजोबांचा जन्म मात्र दोघांच्याही मते अजून व्हायचा आहे.

आता टाइम झोन, कारण आपल्याकडची खास चूक इथे आहे. वेबपेजवर कोणी १५ ऑगस्ट २०२४ ही तारीख निवडली. जावास्क्रिप्टने ती धरली आपली मध्यरात्र. सर्व्हरला पाठवताना ती यूटीसीत बदलली: २०२४-०८-१४, १८:३०. सर्व्हरवरच्या कोडने वेळ कापून टाकली आणि तारीख ठेवली. झालं, १५ ऑगस्टची १४ ऑगस्ट! डेटाबेसमध्ये जिकडेतिकडे १८:३० दिसू लागलं की ओळखायचं, हे आपले साडेपाच तास आहेत. गंमत म्हणजे उलट्या दिशेने आपल्याला त्रास होत नाही. ‘२०२४-०८-१५’ एवढीच स्ट्रिंग दिली तर जावास्क्रिप्ट ती यूटीसीची मध्यरात्र समजतं, म्हणजे आपल्याकडे १५ तारखेची पहाट, तारीख तीच. पण तेच पेज अमेरिकेतल्या दादाने उघडलं की त्याला १४ दिसते. “माझ्या मशीनवर तर चालतंय” हे वाक्य दोघेही खरंच बोलत असतात.

इथे इतिहासही मध्ये येतो. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारतातली घड्याळं एक तास पुढे होती, साडेपाचऐवजी साडेसहा. टाइम झोनच्या डेटाबेसमध्ये ‘एशिया/कोलकाता’ या नावाखाली ही नोंद आहे. १९४३ साली जन्मलेल्या आजीची जन्मतारीख मध्यरात्र धरून या नोंदीने यूटीसीत बदलली आणि परत आणताना सरळ साडेपाच तास मिळवले, तर येते आदल्या दिवशीची रात्री अकराची वेळ. पेन्शनच्या कागदावर एक दिवस इकडचा तिकडे! खरं तर जन्मतारखेला टाइम झोन लावायचंच काही कारण नाही. ती कॅलेंडरवरची तारीख आहे, घड्याळातला क्षण नाही. जावामध्ये त्यासाठी लोकलडेट आहे, एसक्यूएलमध्ये नुसता डेट हा प्रकार आहे, तेच वापरावेत. लॉगिन कधी झालं, पैसे कधी जमा झाले, हे क्षण. ते यूटीसीत ठेवावेत आणि दाखवताना बदलावेत.

मराठीत सॉफ्टवेअर करणाऱ्यांसाठी एक जादा गोष्ट. लोकॅल मराठी ठेवला की बऱ्याच लायब्ररी तारीख देवनागरी अंकांत छापतात. पडद्यावर छान दिसतं. पण तीच स्ट्रिंग फाईलमध्ये गेली आणि दुसऱ्या प्रोग्रॅमने वाचली, की काय होईल ते भाषेवर अवलंबून. पायथनचा इंट ‘१२’ आनंदाने वाचतो, जावाचाही वाचतो, जावास्क्रिप्टचा नंबर मात्र ‘नॅन’ देतो, म्हणजे हा आकडाच नाही! म्हणून माणसासाठीचा साचा आणि यंत्रासाठीचा साचा वेगळे ठेवायचे. यंत्रासाठी १९८८ पासून आयएसओ ८६०१ आहे: आधी चार आकडी वर्ष, मग महिना, मग दिवस. यात तारीख उलटी वाचायची सोय नाही, आणि नुसती अक्षरांप्रमाणे सॉर्ट केली तरी क्रम बरोबर लागतो. वेळ असेल तर शेवटी +०५:३० लावायचं. फक्त समोरचा पार्सर कोणी घरी लिहिलेला असेल तर तो अर्धा तास समजतो का ते बघा. सगळे झोन पूर्ण तासांचे असतात असं समजणारे अजून आहेत. नेपाळ तर पावणेसहा तास पुढे आहे.

फॉर्मवर महिना अक्षरांत निवडायला दिला तर तो ५/११ चा घोळ तिथल्या तिथेच संपतो. टेस्टिंगला मी आता ठरावीक तारखा वापरतो: ५ नोव्हेंबर, १ फेब्रुवारी, २९ फेब्रुवारी २०२४, ३१ फेब्रुवारी (ही नाकारलीच पाहिजे), २९ डिसेंबर २०१४, १९४३ मधली कुठलीही एक, आणि दुपारचे साडेबारा. दुपारचे साडेबारा यासाठी की जावामध्ये तासासाठी स्मॉल एच लिहिला आणि सोबत एएम-पीएम नसलं तर १२:३० चे रात्रीचे साडेबारा होतात. या तारखांची छोटी सीएसव्ही फाईल करून ठेवली आहे. कोणाला हवी असेल तर सबमिशनच्या आधी लॅबमध्ये भेटा. पण उघडताना एक्सेलमध्ये उघडू नका, नोटपॅडमध्ये उघडा.