पिल्लाचे पहिले चौदा आठवडे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळा उतरणीला लागला की गावकुत्र्यांच्या माद्या गाभण राहतात आणि हिवाळ्यात बाळापूरच्या गल्लीबोळांत, किल्ल्याच्या आसपास, शेतातल्या कोठ्यांत पिल्लं दिसू लागतात. त्यांतलं एखादं घरी येतं आणि पाठोपाठ शेजाऱ्यांचे सल्लेही येतात. ते पारखून घ्यावेत, कारण पिल्लाचा स्वभाव घडण्याचा मुख्य काळ फार थोडा असतो : साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत. या वयात जे ओळखीचं झालं, त्याला ते पुढं सहसा बुजत नाही. जे भेटलंच नाही, त्याची धास्ती बसू शकते.

गैरसमज : जितकं लहान आणाल, तितका लळा जास्त.

वस्तुस्थिती : पिल्लाचे डोळे दुसऱ्या आठवड्यात उघडतात, ऐकू येऊ लागतं ते तिसऱ्याच्या सुमारास. मग भावंडांशी मस्ती सुरू होते. दात जोरात लागला की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतो, आईही गुरकावते. दात किती दाबायचा, हे पिल्लू इथंच शिकतं. इटलीतल्या २०११ सालच्या एका अभ्यासात, ३० ते ४० दिवसांतच आईपासून तोडलेल्या कुत्र्यांमध्ये भित्रेपणा आणि अति भुंकणं जास्त आढळलं. आपल्याकडच्या २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनीही आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई केली आहे.

गैरसमज : "लहानपनी बांधून ठेवा, मंग थे पक्कं राखन करते."

वस्तुस्थिती : असं कुत्रं राखण करत नाही, घाबरून चावतं, मग पाहुणा आणि चोर त्याला सारखेच. १९६१ साली अमेरिकेत झालेला प्रयोग याबाबत प्रसिद्ध आहे. पिल्लं आईसोबत कुंपणाच्या मोकळ्या रानात, माणसांपासून दूर वाढवली आणि वेगवेगळ्या वयांत आठवडाभर माणसांत आणली. ज्यांना १४ आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही, ती पुढंही माणसाळली नाहीत. घरच्यांना ओळखणारं, आल्यागेल्याची सवय असलेलं कुत्रंच खरं अनोळखी काय ते ओळखतं.

गैरसमज : सगळ्या लसी होईपर्यंत पिल्लू घराबाहेर काढू नये.

वस्तुस्थिती : भीती खोटी नाही. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि पिल्लाचा जीव घेतो. पण लसींचे डोस सहाव्या-आठव्या आठवड्यापासून सोळाव्यापर्यंत चालतात, तोवर शिकण्याचं वय सरलेलं असतं. म्हणून अमेरिकेतल्या वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेनं २००८ साली सांगितलं, की पहिली लस आणि जंतांचं औषध देऊन सात दिवस झाले की निरोगी पिल्लाला स्वच्छ जागी इतरांशी मिसळू द्यावं. बाळापुरात हे असं जमेल : पिल्लू कडेवर घेऊन दुकानाच्या पायरीवर बसा. महामार्गावरचा ट्रक, ट्रॅक्टर, बकऱ्या, फेटा, बुरखा, हेल्मेट, काठी टेकत जाणारे आजोबा, सगळं त्याला दिसू द्या. जिथं भटकी कुत्री हगतात, तिथं मात्र खाली सोडू नका. डोसांच्या तारखा गुरांच्या दवाखान्यातून लिहून घ्या.

गैरसमज : गोंगाटात नेऊन सोडलं की आपोआप धीट होतं.

वस्तुस्थिती : उलट, एकाच दणक्यानं भीती पक्की बसते. शेपूट पोटाखाली गेली, कान मागे पडले, पिल्लू उगाच जांभया देऊ लागलं किंवा ओठ चाटू लागलं, तर त्याला झेपत नाही असं समजा आणि लांब घ्या. कुकरची शिट्टी आधी दुसऱ्या खोलीतून ऐकू द्या, त्याच वेळी भाकरीचा तुकडा द्या, मग हळूहळू जवळ आणा. फटाक्यांचा आवाजही मोबाइलवर अगदी बारीक लावून असाच सवयीचा करता येतो. पोरांच्या घोळक्यानं पिल्लू हातोहात फिरवणं यात बसत नाही; एकेकानं बसून, त्याला आपणहून जवळ येऊ द्यावं.

गैरसमज : इवल्याशा पिल्लाच्या दातानं काय होतं?

वस्तुस्थिती : रेबीज पिल्लालाही होतो आणि त्याची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात मिळते. त्यामुळे रस्त्यावरचं पिल्लू चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. हळद-चुना लावत बसू नका.

गैरसमज : वय निघून गेलं, आता काही उपयोग नाही.

वस्तुस्थिती : मोठं कुत्रंही शिकतं, फक्त वेळ आणि चिकाटी कितीतरी जास्त लागते, आणि थोडी भीती कधीकधी उरतेच. म्हणून पिल्लू घरी आणायचं ठरलं की आधी त्याच्या जन्माची तारीख विचारा आणि हाताशी किती आठवडे आहेत ते मोजा.