घरातली वीज – लेखांक ७ : एमसीबी पुन्हा पुन्हा का पडतो?

मागच्या आठवड्यात आपण अर्थिंग पाहिलं. आज ओव्हरलोड. ‘गिझर चालू असताना इंडक्शन लावलं की एमसीबी पडायचा, वायरमनने मोठा बसवून दिला, आता काही त्रास नाही,’ हे मी अनेक घरांत समाधानाने सांगितलेलं ऐकलं आहे. एमसीबी पडायचा थांबला हे खरं. पण भिंतीतली वायर तीच राहिली आणि तिची राखण करणारं आता कुणी उरलं नाही.

आधी हिशोब करू. तो सोपा आहे आणि प्रत्येक घरात किमान एकाला तरी यायला हवा. उपकरणावर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागलं की ते किती अँपिअर ओढतं ते साधारण कळतं. नऊ वॅटचा एलईडी बल्ब, पाऊणशे वॅटचा पंखा, टीव्ही, फ्रिज यांची बेरीज करत बसायची गरज नाही, ती किरकोळ असते. लक्ष द्यायचं ते उष्णता निर्माण करणाऱ्या वस्तूंकडे आणि एसीकडे. दोन हजार वॅटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो. बेसिनखाली बसवतात तो छोटा इन्स्टंट गिझर दिसायला लहान, पण बहुधा तीन हजार वॅटचा असतो, म्हणजे १३ अँपिअर. बादलीत सोडायचा दीड हजार वॅटचा रॉड साडेसहा, हजार वॅटची इस्त्री सव्वाचारच्या पुढे. दीड टनाचा एसी सात-आठच्या आसपास.

आता बोर्डाकडे या. साध्या लहान सॉकेटची क्षमता सहा अँपिअर, म्हणजे १३८० वॅट. मोठ्या पॉवर सॉकेटची सोळा, म्हणजे ३६८० वॅट. पण एका ओट्यावर मोठे तीन सॉकेट दिसले म्हणून तिथे सोळा त्रिक अठ्ठेचाळीस अँपिअर मिळतील असं नाही. पुष्कळ घरांत त्या तिन्हींना मागून एकच वायर आलेली असते. वायरमनच्या भाषेत ‘अडीचची’, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची. कंड्युटमधून गेलेली अशी वायर साधारण वीस अँपिअर सुखाने वाहते. दिव्या-पंख्यांची ‘दीडची’ त्याहून कमी, आणि एसी-गिझरसाठी ‘चारची’ टाकतात.

क्षमतेपेक्षा जास्त करंट गेला तर वायर तापते, आणि ती तापण्याचं प्रमाण करंटच्या वर्गाप्रमाणे वाढतं. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. साध्या पीव्हीसी वायरच्या आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस धरलेली असते. त्यावर ती लगेच वितळत नाही, पण कडक होऊ लागते, काही वर्षांत तिला चिरा जातात आणि मग एखाद्या दिवशी फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडतात. ‘शॉर्टसर्किटने आग’ अशी बातमी येते तेव्हा त्या शॉर्टसर्किटमागे असा जुना ओव्हरलोड असू शकतो.

विदर्भातल्या वाचकांनी पुढचं जरा नीट वाचावं. बाहेर ३० अंश असताना वायरीला ७० पर्यंत तापायला चाळीस अंशांची मोकळीक असते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हाची भिंत स्वतःच ४५ अंशांवर असते आणि ती मोकळीक पंचविसावर येते. उष्णता वर्गाने वाढत असल्याने वायरीची क्षमता त्यामुळे सुमारे ऐंशी टक्क्यांवर उतरते. वीस अँपिअरची वायर सोळाचीच राहते, आणि नेमके त्याच दिवसांत एसी-कूलर अखंड चालतात. मुंबई-पुण्यातला वायरीचा अंदाज तिकडे जसाच्या तसा लावू नये.

एमसीबीच्या पोटात दोन वेगळी माणसं काम करतात असं समजा. एक चुंबकीय कॉईल: शॉर्टसर्किट झालं की ती डोळ्याचं पातं लवण्याआधी खटका पाडते. दुसरी दोन धातूंची चिकटवलेली पट्टी: जास्त करंटने ती सावकाश तापते, वाकते आणि मग खटका पडतो. ओव्हरलोड सांभाळणं हे या दुसरीचं काम, आणि ती मुद्दामच धीमी ठेवलेली असते. प्रमाणकानुसार एमसीबीवर छापलेल्या आकड्याच्या १.१३ पट करंटला त्याने तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पट झाला तर तासाच्या आत पडलंच पाहिजे. मधल्या पट्ट्यात तो कधी पडेल हे सांगता येत नाही.

घरोघरीचं एक कोडं इथे सुटतं. ओट्यावर इंडक्शन २००० वॅट, मायक्रोवेव्ह १३००, किटली १५००: एकूण ४८००, म्हणजे जवळपास २१ अँपिअर. मागे सोळाचा एमसीबी असेल तर हा करंट त्याच्या १.३ पट झाला, म्हणजे बरोबर मधल्या पट्ट्यात. म्हणून चहा-नाश्ता लवकर आटोपला तर काहीच होत नाही, आणि पाहुणे आले, स्वयंपाक लांबला की खटका पडतो. लोक म्हणतात, एमसीबी बिघडलाय. तो बहुतेक वेळा बिघडलेला नसतो.

आता त्या जागी कुणी बत्तीसचा बसवला असं धरा. १.१३ पटीच्या नियमाने त्याला ३६ अँपिअरपर्यंत तासभर गप्प बसण्याची मुभा आहे. मागची वायर वीसची. छत्तीस अँपिअरला त्या वायरीत वीस अँपिअरच्या तिपटीहून जास्त उष्णता होते. पूर्वी किटकॅट फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार पिळून बसवायचे, त्याचीच ही नवी आवृत्ती आहे. एमसीबीचा आकडा उपकरणाकडे पाहून ठरत नाही, तो त्या लाइनीतल्या सगळ्यात बारीक वायरीकडे पाहून ठरतो. कोणी वायर न तपासता मोठा एमसीबी सुचवला तर त्याला सरळ नाही म्हणा. आणि डीबीतल्या, म्हणजे एमसीबींच्या पेटीतल्या, आरसीसीबीच्या भरवशावरही राहू नका. तो गळतीच्या करंटवर पडतो, शॉकपासून वाचवतो. ओव्हरलोडशी त्याचा संबंध नाही.

एक दुखणं मात्र योग्य एमसीबीलाही दिसत नाही, आणि माझ्या मते घरातली सगळ्यात वाईट सवय तीच आहे: जाड पिनांचा सोळा अँपिअरचा प्लग लहान सॉकेटमध्ये बसवून देणारा कन्व्हर्टर. तो विकला जातो म्हणून सुरक्षित असेल असं लोकांना वाटतं. दोन हजार वॅटची वस्तू त्यातून लावली की सहाच्या सॉकेटमधून पावणेनऊ अँपिअर जातात. सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या गरम होऊन सैल पडतात, सैल पडल्या की पिनेला नीट टेकत नाहीत, आणि त्या जोडाचा रोध वाढतो. तो वाढून जेमतेम ०.३ ओहम झाला तरी हिशोब करून पाहा: करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे सुमारे २३ वॅट. रेडिओ-दुरुस्तीवाला कथील वितळवायला वापरतो ते लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. तेवढी उष्णता तुमच्या बोर्डाच्या मागे, हरभऱ्याएवढ्या जागेत, गिझर चालू असेपर्यंत साठत राहते. एमसीबीला यातलं काहीच कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. बारीक वायरीच्या एक्स्टेन्शन बोर्डाचंही असंच, आणि त्याची वायर गुंडाळून ठेवली असेल तर उष्णतेला बाहेर पडायला वाटही राहत नाही.

करायचं काय? येत्या रविवारी दिवसाउजेडी डीबीतला एकेक एमसीबी खाली करा आणि मोबाइलचा चार्जर किंवा नाइट लॅम्प घेऊन घरभर फिरा. कोणते सॉकेट बंद झाले ते कागदावर उतरवा आणि तो कागद डीबीच्या झाकणाला आतून चिकटवा. स्वयंपाकघराचा ओटा आणि बाथरूमचा गिझर एकाच एमसीबीवर असल्याचं कित्येकांना तेव्हाच पहिल्यांदा कळतं. तसं असेल तर गिझर बंद करून मगच इंडक्शन लावा, इस्त्रीला वेळ वेगळी ठेवा. यात पैसा लागत नाही. कायमचा उपाय अर्थात वेगळा: गिझर, एसी आणि इंडक्शन यांना डीबीपासून प्रत्येकी स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी. गिरगाव-दादरच्या जुन्या चाळी किंवा पुण्यातल्या पेठांमधली जुनी घरं बांधली गेली तेव्हा विजेवर दिवे, पंखे आणि फार तर एक इस्त्री चालायची. तिथे एसी घेण्याआधी परवानाधारक वायरमनकडून वायरिंग तपासून घ्यावं, ॲल्युमिनियमची वायर निघाली तर बदलून घ्यावी. वीजबिलावरचा ‘मंजूर भार’ही त्याच वेळी पाहून घ्या. दोन एसी आणि गिझर असताना तो एक-दोन किलोवॅटच असेल तर भार वाढवण्याचा अर्ज करावा लागेल.

रविवारपर्यंत थांबू नये अशी लक्षणं मात्र ओळखून ठेवा. प्लग काढल्यावर पिना चटका बसेल इतक्या गरम लागणं, पिनांवर काळपट डाग, सॉकेटच्या कडेला तपकिरी वर्तुळ, बोर्डातून चरचर किंवा जळका वास, गिझर लावल्यावर दिवे मंद होऊन मंदच राहणं. (फ्रिज किंवा पंप सुरू होताना दिवा क्षणभर लवला तर ती वेगळी गोष्ट, मोटर सुरुवातीला जास्त करंट घेते.) यातलं काहीही दिसलं तर त्या लाइनीचा एमसीबी आत्ताच खाली करा आणि वायरमन येऊन सॉकेट आणि जोड बदलेपर्यंत तो वर करू नका.