गर्भाची वाढ मोजणारा ध्वनी

छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. त्याचे रुग्णालय अवघ्या मराठवाड्यात 'घाटी' या एकाच नावाने ओळखले जाते. आसपासच्या जिल्ह्यांतील खेड्यांतून अवघड बाळंतपणाच्या स्त्रिया येथे पाठविल्या जातात. अशा ठिकाणी डॉक्टरांना नित्य विचारावा लागणारा प्रश्न अगदी साधा असतो : शेवटची पाळी केव्हा आली? उत्तर पुष्कळदा तारखेने मिळत नाही. पोळ्याच्या मागेपुढे, दसऱ्याच्या आधी, असे ते सांगितले जाते. सोनोग्राफीच्या पडद्यावर गर्भ लहान दिसतो. तो दिवस कमी म्हणून लहान आहे, की दिवस भरत आले तरी पोसला गेला नाही म्हणून? पहिली गोष्ट खरी असेल तर वाट पाहणे योग्य. दुसरी खरी असेल तर वाट पाहणे घातक ठरू शकते. चूक कोणत्याही बाजूने झाली तरी ती बाळालाच भोगावी लागते.

माणसाच्या कानाला सेकंदाला २० ते २०,००० कंपनांचा ध्वनी ऐकू येतो. पोटाच्या तपासणीत वापरला जाणारा ध्वनी साधारणतः ३५ ते ५० लाख कंपनांचा असतो. उपकरणाच्या टोकातील स्फटिकांना विजेचा झटका मिळाला की ते थरथरतात व ध्वनिलहरी शरीरात सोडतात. लहरी परत आल्या की त्याच स्फटिकांत पुन्हा वीज निर्माण होते. त्वचेवर लावला जाणारा थंड लेप हवेचा थर दूर करण्यासाठी असतो, कारण हवेत शिरताना हा ध्वनी जवळजवळ पूर्ण परावर्तित होतो. मऊ मांसपेशींत त्याचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर धरतात. दहा सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत येण्यास सेकंदाचा साडेसात हजारावा भाग लागतो. एवढ्या सूक्ष्म काळावरून यंत्र अंतर काढते. म्हणजे येथे मोजला जातो तो वस्तुतः काळ. मिलिमीटर हा त्यावरून केलेला हिशेब होय.

ग्लासगो येथील इयान डोनाल्ड यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९५८ मध्ये या पद्धतीवरील निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढे तेथेच ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून दिवस ठरविण्याची रीत दाखविली. पहिल्या तीन महिन्यांत ही लांबी घेतली तर गर्भाचे वय पाच-सात दिवसांच्या फरकाने सांगता येते. आठव्या-नवव्या महिन्यात मात्र तोच अंदाज तीन आठवड्यांनीही चुकू शकतो. कारण तोवर प्रत्येक गर्भ आपापल्या गतीने वाढू लागलेला असतो.

पुढील महिन्यांत डोक्याचा आडवा व्यास व घेर, मांडीच्या हाडाची लांबी आणि पोटाचा घेर ही मापे घेतात. यांतील पोटाचा घेर सर्वांत बोलका. तो यकृताच्या पातळीवर घेतला जातो, आणि यकृत हे गर्भाचे साखरेचे कोठार असते. वारेतून पोषण कमी पडू लागले की गर्भ मेंदूचा पुरवठा शक्यतो राखतो आणि कोठार रिकामे होते. साहजिकच डोके वाढत राहते, पोट मागे पडते. या मापांवरून वजनाचा अंदाजही काढतात. परंतु त्यात दहा-पंधरा टक्क्यांची चूक सहज होते. अडीच किलोच्या बाळाच्या बाबतीत ती पावणेचारशे ग्रॅमपर्यंत जाते. छापील अहवालात ग्रॅमपर्यंत लिहिलेला आकडा पाहून नातेवाईक निश्चिंत होतात किंवा घाबरतात, तेव्हा हे ध्यानात ठेवलेले बरे.

मोजपट्टी कोणाची?

मोजलेला आकडा कशाशी ताडून पाहावयाचा, हा खरा कठीण प्रश्न. आपल्याकडील अनेक यंत्रांत जी कोष्टके दीर्घकाळ वापरली गेली, त्यांपैकी एक अमेरिकेतील ह्यूस्टन येथील हॅडलॉक यांचे आहे. १९९१ चे हे कोष्टक ३९२ स्त्रियांच्या, मुख्यतः मध्यमवर्गीय गोऱ्या स्त्रियांच्या, तपासणीवर आधारलेले आहे. पैठणच्या शेतमजूर स्त्रीचे बाळ त्या पट्टीने मोजणे कितपत न्याय्य?

महाराष्ट्रातून या प्रश्नाला दोन दिशांनी उत्तरे आली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. स्नायू व पोटातील अवयव लहान, पण त्वचेखालील चरबी मात्र बरीचशी राखलेली, अशी ही बाळे होती. पुढे सोनोग्राफीच्या नोंदी युरोपातील मापांशी ताडल्या, तेव्हा पोटाचा घेर अठराव्या आठवड्यापासूनच कमी असल्याचे दिसले. वारेचे आकारमानही मध्यावरच कमी होते. अर्थात उणीव शेवटच्या महिन्यात सुरू होत नाही.

दुसरे काम नागपूरचे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने आठ देशांतील आठ शहरी भागांत झालेल्या मोठ्या अभ्यासात भारतातून नागपूर निवडले गेले व केतकर रुग्णालयातील डॉ. मनोरमा पुरवार यांनी तेथील बाजू सांभाळली. निरोगी, सुपोषित, पहिल्या तिमाहीतच दिवस निश्चित झालेल्या ४,३२१ गर्भवतींची दर पाच आठवड्यांनी तपासणी झाली. प्रत्येक माप तीनदा घेतले गेले, आणि घेताना आकडा मोजणाऱ्यास दिसू नये अशी यंत्राची रचना होती. कारण आकडा दिसला की हात नकळत अपेक्षित मापाकडे वळतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, मातेची प्रकृती, आहार व परिस्थिती चांगली असेल तर गर्भाची वाढ देशोदेशी बरीच सारखी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा देशांतील अभ्यासाला मात्र २०१७ मध्ये देशादेशांत फरक आढळला. वाद मिटलेला नाही. तरीही एक गोष्ट नागपूरच्या कामाने अवघड करून ठेवली : 'आपली बाळे लहानच असायची' असे म्हणून मोकळे होणे.

उशिरा आलेली गर्भवती

कोणतीही पट्टी घेतली तरी ती लावण्यासाठी गर्भाचे दिवस ठाऊक हवेत, आणि मराठवाड्यात गाठ पडते ती येथेच. बीड, जालना या भागांतून हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्या हंगामात ज्या स्त्रीला दिवस जातात, तिची पहिल्या तिमाहीची तपासणी फडावर कोण करणार? यंत्र तेथे नेणेही सोपे नाही. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. त्यानुसार प्रत्येक केंद्राची नोंदणी व प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची नोंद आवश्यक असून सुवाह्य यंत्रांच्या वापरावर कडक मर्यादा आहेत. बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, हे आठवले की ही कडकाई अनाठायी वाटत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय रुग्णालयांत गर्भवतींची विशेष तपासणी २०१६ पासून होते. तेथे पोहोचणारीला लाभ मिळतो.

उशिरा आलेल्या स्त्रीसाठी डॉक्टरांजवळ दोन उपाय उरतात. लहान मेंदूचा आडवा व्यास पोषणाच्या कमतरतेने त्या मानाने कमी बाधित होतो, म्हणून त्यावरून दिवसांचा अंदाज घेता येतो. दुसरा उपाय म्हणजे किमान दोन आठवडे थांबून पुन्हा मोजणे. कमी दिवसांचा पण निरोगी गर्भ त्या काळात आपल्या गतीने वाढलेला दिसतो. उपाशी गर्भाचे पोट जवळजवळ होते तेथेच राहते. त्यासाठी त्या स्त्रीने पंधरा दिवसांनी एस. टी. चे भाडे खर्चून, मजुरी बुडवून पुन्हा घाटीपर्यंत यावे लागते.