कामट्या बांधलेला अ‍ॅक्सल

जीपचे वेड मला बेळगावात शाळकरी वयातच जडले. पुढे निवासी डॉक्टर म्हणून अमेरिकेत मिशिगन राज्याच्या उत्तर भागात राहण्याचा योग आला, तेव्हा त्याच वेडापायी एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली. १९९६ च्या जानेवारीत, एका रविवारी, भर बर्फात तिने दगा दिला. लिव्हर ‘फोर-व्हील’वर होता, पण मागची चाके जागीच फिरत होती आणि पुढची ढिम्म! दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मला रुग्णालयात ड्यूटीवर हजर व्हायचे होते. रात्रभर जागलेला सहकारी माझी वाट पाहणार होता.

वैद्यकीय मित्रहो, आधी थोडी शरीररचना पाहू. १९४१ च्या विलीस जीपमध्ये टू-व्हीलवर चालतानाही पुढचा अ‍ॅक्सल फुकट फिरत राही. १९४८ पासून वॉर्न यांनी चाके मोकळी करणारे हब विकायला काढले. पण ते फिरवायला गाडीतून उतरावे लागे. पुढे काही गाड्यांत उजवा अ‍ॅक्सल मधोमध दुभागण्यात आला. त्याची दोन टोके दातेरी कॉलरने जोडायची, कॉलर फोर्कने सरकवायची आणि फोर्क व्हॅक्यूमने ओढायचा. कॉलर सरकली नाही, तर डिफरन्शियल सगळी शक्ती त्या सुट्या तुकड्यालाच देतो. डाव्या चाकालाही काही मिळत नाही. प्रॉपेलर शाफ्ट मात्र फिरत राहतो. लक्षणे तंतोतंत जुळत होती.

शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये चाकांना ठोकळे लावून इंजिन सुरू केले आणि नळीच्या टोकाशी बोट धरले. शोषण नव्हते, एक्झॉस्टच्या उष्णतेने नळी चिरली होती. रबरी तुकडा जोडला, तरी फोर्क हलेना. इंजिन बंद करून डायफ्रॅमची वाट तोंडाने ओढून पाहिली, तर हवा सरळ येत होती. पडदाच फाटलेला! नवा भाग मिळायला आठवडा लागणार होता.

मग कामट्या बांधायचे ठरवले. बोल्ट काढून झाकण उघडले. थोडे गिअर ऑइल सांडले, ते भांड्यात धरले. दाते जुळेनात, म्हणून उजवे चाक जॅकवर उचलून हाताने किंचित फिरवले, तशी कॉलर ‘खट्‌’ करून बसली. फोर्क मागे सरकू नये म्हणून दांडीवर होज क्लिप आवळली, झाकण लावले, ऑइल भरले. टू-व्हील की फोर-व्हील, हे आता केवळ लिव्हर ठरवणार होता. सोमवारी सातला पाच मिनिटे कमी असताना मी वॉर्डात होतो.

खरी चूक त्यानंतर झाली. गाडी चालत होती, म्हणून नवा भाग मागवायचे राहून गेले. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट अहोरात्र फिरत राहिला. मार्चमध्ये बारीक गुणगुण ऐकू आली. मी रेडिओचा आवाज वाढवला. एप्रिलमध्ये त्याचा जॉइंट तुटला. चूक एका क्लिपच्या किमतीची होती. बिल मात्र महिन्याच्या घरभाड्याएवढे झाले.

कामट्यांनी हाड जागेवर राहते, पण त्या सोडायची तारीख बांधतानाच लिहून ठेवावी लागते. वेदनाशामकावर खूश होऊन परत न आलेला रुग्ण भेटला की आजही ती गुणगुण माझ्या कानी येते.