स्टिकर तोच, वॅट वेगळे

‘मुलीला कॉलेजसाठी कॉम्प्युटर घ्यायचाय. दुकानात एक लॅपटॉप आणि एक डेस्कटॉप दाखवला. दोन्हींवर आय७चं स्टिकर. मग वेग सारखाच समजायचा का?’ असं एका वाचकांनी विचारलं आहे. दुकानदाराने ‘दोन्ही सेमच’ म्हणून सांगितलं म्हणे. तो खोटं बोलला नाही. स्टिकर खरंच सेम असतं.

इंटेलच्या तेराव्या पिढीतली दोन नावं घेऊ. आय७-१३५५यू हा पातळ लॅपटॉपमधला प्रोसेसर. त्यात दोन मोठे कोअर आणि आठ छोटे, आणि पायाभूत मर्यादा १५ वॅटची. आय७-१३७०० हा त्याचा डेस्कटॉपमधला नामबंधू. मोठे कोअर आठ, छोटे आठ, मर्यादा ६५ वॅट, आणि जोर लावला तर २१९ वॅटपर्यंत मजल. घड्याळाचा कमाल वेग मात्र एकाचा ५ गिगाहर्ट्झ आणि दुसऱ्याचा ५.२. म्हणजे ज्या आकड्यात फरक अगदी थोडा, नेमका तोच जाहिरातीत मोठ्या टायपात. योगायोगच म्हणायचा!

पण वॅट इतके पट म्हणून काम तितके पट, असंही नाही. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि घड्याळाच्या वेगाच्या प्रमाणात वाढते. ग्यानबाची मेख अशी की घड्याळ पळवायचं तर व्होल्टेजही चढवावं लागतं. वेग २० टक्के वाढवताना व्होल्टेजही २० टक्के वाढवावं लागलं, तर वीज ७३ टक्के जास्त जाते. शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. डेस्कटॉपला ही चैन परवडते, कारण त्याची वीज भिंतीतून येते आणि उष्णता बाहेर फेकायला डब्यात भरपूर जागा असते. लॅपटॉपला परवडत नाही, म्हणून तो थोडा अलीकडे थांबतो आणि त्यात फारसं गमावत नाही.

त्याची खरी अडचण दम टिकवण्याची आहे. जुन्या घरातली मोरी आठवा. बादलीभर पाणी एकदम ओतलं तरी बिघडत नाही. थोडं साचतं, मग सावकाश निघून जातं. नळ मात्र सोडून ठेवायचा असेल, तर भोकातून जेवढं जातं तेवढीच धार ठेवावी लागते, नाहीतर पाणी घरात. लॅपटॉपमधल्या तांब्याच्या नळ्या आणि धातूचे पत्रे उष्णता थोडा वेळ साचवून घेतात. पंखा आणि जाळी हे भोक. म्हणून तो १५ वॅटवाला यू प्रोसेसर काही सेकंद ५५ वॅटपर्यंत उसळू शकतो, आणि मग मुकाट्याने खाली येतो.

आता आपलं रोजचं काम बघा. वेबपान उघडणं, एक्सेलमध्ये बेरीज टाकणं, फोटो उघडणं हा सगळा बादलीचा मामला. अर्धा-एक सेकंद काम, मग प्रोसेसर तुमच्या पुढच्या क्लिकची वाट बघत बसतो. इथे चांगला लॅपटॉप आणि डेस्कटॉप यांतला फरक डोळ्यांना दिसतच नाही. तासाभराच्या लग्नाच्या व्हिडिओचं एक्स्पोर्ट, थ्रीडी रेंडरिंग, मोठ्या सॉफ्टवेअरचं कम्पायलिंग हा नळाचा मामला, आणि तिथे डेस्कटॉप खुशाल पुढे निघून जातो.

याचा सगळ्यात सुंदर प्रयोग अ‍ॅपलने २०२० मध्ये नकळत करून दिला. एम१ हीच चिप त्यांनी मॅकबुक एअरमध्येही घातली आणि टेबलावरच्या मॅक मिनीमध्येही. इथे नुसतं नाव नव्हे, चिपच तीच. फरक एवढाच की मिनीत पंखा आहे, एअरमध्ये नाही. छोट्या कामांत दोघे बरोबरीत. चिप बराच वेळ पिळली, की एअर हळूहळू मागे पडतो.

मग ‘आय७’सारखी नावं आली कुठून? त्यासाठी आधी चिपच्या वेगाची गोष्ट सांगावी लागते. ती सांगताना सगळे गॉर्डन मूर यांचं नाव घेतात. मला मात्र नेहमी रॉबर्ट डेनार्ड यांची आठवण होते. आयबीएममधले हे गृहस्थ २०२४ साली, ९१ व्या वर्षी गेले. कॉम्प्युटरच्या डीरॅम मेमरीचा एका ट्रान्झिस्टरचा घटक त्यांचा. एवढ्यावरच त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात यायला हरकत नव्हती. मूर यांनी १९६५ साली सांगितलं की चिपवरचे घटक वाढत जातील. पण ते दाटीवाटीने बसले तर चिप तापून वितळणार का नाही? ते डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखवून दिलं. ट्रान्झिस्टरचा आकार आणि व्होल्टेज एकाच प्रमाणात कमी करत गेलं, तर तेवढ्याच क्षेत्रफळात उष्णता तेवढीच राहते. पुढची तीस वर्षं संगणक उद्योगाने या वाक्याच्या जिवावर ऐश केली. भाकीत लक्षात राहिलं, ते शक्य करणारं गणित मात्र विसरलं गेलं.

आणि मग ते गणित कोलमडलं. व्होल्टेज फार खाली नेलं की बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज गळायला लागते, म्हणून ते एक व्होल्टच्या आसपास अडकलं. तिकडे इंटेलच्या पेंटियम ४ ची सगळी रचनाच गिगाहर्ट्झचा आकडा फुगवण्यासाठी होती. २००४ च्या सुरुवातीला त्याची प्रेस्कॉट ही आवृत्ती आली. ट्रान्झिस्टर आधीपेक्षा लहान, आणि चिप आधीपेक्षा गरम! पुढची टेजस ही चिप त्याच वर्षी रद्द झाली, आणि ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा बेतही गुंडाळला गेला. त्यावरून कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी ऑक्टोबरमध्ये ऑरलँडोच्या एका परिषदेत, गमतीने का होईना, गुडघ्यावर बसून माफी मागितली.

उत्तर त्यांच्याच घरात होतं, इस्राएलमधल्या हैफा शहरात. तिथल्या चमूचा आधीचा टिम्ना प्रकल्प २००० साली रद्द झाला होता. मग त्यांच्याकडे लॅपटॉपच्या चिपचं काम आलं. बॅटरीवर चालवायचं म्हणजे उधळपट्टीला जागाच नाही. २००३ मध्ये त्यांचा पेंटियम एम आला. १.६ गिगाहर्ट्झ, सुमारे २५ वॅट, आणि तरीही कितीतरी जास्त गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला पुरून उरणारा. पंचाईत विक्रेत्यांची झाली. इतकी वर्षं ‘जास्त गिगाहर्ट्झ म्हणजे जास्त वेग’ असं गिऱ्हाइकाच्या गळी उतरवलेलं, आता १.६ कसं विकायचं? २००४ मध्ये इंटेलने गिगाहर्ट्झऐवजी मॉडेल नंबर पुढे केले. आजचं आय७ त्याच वाटेवरचं. काटकसरी चिपचा पाणउतारा टळावा म्हणून जी वाट धरली, तिनेच आज लॅपटॉप-डेस्कटॉपमधला फरक झाकला जातोय.

त्याच हैफाच्या वंशातून २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला, डेस्कटॉपसाठी, ६५ वॅटचा. आधीचा पेंटियम डी १३० वॅटपर्यंत खायचा. लॅपटॉपच्या शिस्तीने डेस्कटॉपला वाचवलं होतं.

ग्राफिक्स चिपचं प्रकरण तर याहून वरचढ. एनव्हिडियाच्या डेस्कटॉपवरच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६,३८४ गणनकेंद्रं आहेत. लॅपटॉपच्या ‘४०९०’ मध्ये ९,७२८. तीच चिप कमी वेगाने चालवलेली नव्हे, मुळात दुसरीच चिप. प्रोसेसरच्या नावाने घासाघीस करणाऱ्या गेमिंगवाल्यांनी हे आधी बघावं, कारण खेळात बहुतेक वेळा अडतं ते तिथे.

तेव्हा मुलीचं काम नोट्स, प्रोग्रामिंगचे धडे, ऑनलाइन तासिका एवढंच असेल, तर लॅपटॉप बिनधास्त घ्यावा. व्हिडिओ दाखवायचं काम तर चिपमधला वेगळा भाग करतो, मुख्य कोअरना त्याचा फारसा ताण नसतो. अ‍ॅनिमेशन किंवा आर्किटेक्चर असेल, तर तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जास्त देतो. आणि लॅपटॉपच घ्यायचा, तर नावाच्या शेवटचं अक्षर वाचावं. तेराव्या पिढीत यू म्हणजे १५ वॅटच्या घरातला, एच म्हणजे ४५ च्या, एचएक्स म्हणजे ५५ च्या.

एक गोष्ट दुकानातल्या एसीत कळत नाही. उष्णता किती निघून जाणार, हे चिप आणि खोली यांच्या तापमानांतल्या फरकावर ठरतं. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप चिप १०० अंशांपाशी स्वतःहून पाय मागे घेतात. २४ अंशांच्या खोलीत हा फरक ७६ अंशांचा. मे महिन्यात अकोल्यात ४४ अंशांच्या खोलीत तो ५६ वर येतो, म्हणजे निचरा साधारण चतुर्थांशाने घटला. डेस्कटॉपलाही हाच नियम लागू, पण त्याच्याकडे सहसा मोठा पंखा आणि हाताशी शिल्लक असते. अर्थात त्याच अकोल्यात दुपारी लाइट गेली, की डेस्कटॉपवरचं सेव्ह न केलेलं काम तिथेच संपतं. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, बहुधा आपला वेग आणखी थोडा उतरवून.